मांडवातलं कृत्रिम फूल आणि आपलं ताजं फूल



आज फुलशेतीवर बोलायचं आहे. पण नेहमीसारखी सुरुवात रोपवाटिका, खत आणि फवारणीपासून करणार नाही. आज सुरुवात मांडवापासून करू. पुढच्या वेळी एखाद्या लग्नाला मंगल कार्यालयात गेलात, की जेवणाच्या पंगतीकडे वळण्याआधी जरा वर मान करून बघा. छतापासून झेंडूच्या माळा लोंबताना दिसतील. केशरी, पिवळ्या, अगदी एकसारख्या. हात पोचला तर लावून बघा. कापड लागेल, नाहीतर प्लास्टिक. मग नवरा-नवरीच्या गळ्यातल्या हारांकडे बघा. ते मात्र ताज्या फुलांचेच असतील. त्याच मांडवात, दहा पावलांच्या अंतरावर, दोन्ही प्रकारची फुलं नांदत असतात.

फूल पिकवणारे पुष्कळ जण मला विचारतात, "साहेब, हे प्लास्टिकचं फूल आल्यापासून आमच्या झेंडूला विचारतो कोण?" तक्रार खरी आहे. दसऱ्यानंतर रस्त्याच्या कडेला टाकून दिलेला झेंडू आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण नुसतं हळहळून भागत नाही. मांडववाला कोणत्या जागी कृत्रिम फूल लावतो, कोणत्या जागी ताजं लावतो आणि का, हे ज्याला कळलं त्याला आपल्या वावरात काय लावायचं आणि काय सोडायचं हे ठरवता येतं. आजचा विषय एवढाच आहे.

आधी मांडववाल्याची बाजू समजून घेऊ. तोही धंदाच करतो, आपल्याशी त्याचं वैर नाही. एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या भागातले भाव घालून तुम्ही तो पुन्हा करा. समजा, एका कार्याला पाच-पाच फुटांच्या दोनशे माळा लागतात. एका दाट माळेला तीनशे ग्रॅम झेंडू धरला, तर साठ किलो फूल झालं. भाव किलोला ४० रुपये असेल तर फुलाचे २,४०० रुपये, माळा ओवण्याची मजुरी वेगळी. आता त्याच मापाची कापडी माळ ६० रुपयांना मिळाली, तर दोनशे माळांचे १२,००० रुपये एकदाच जातात. वीस कार्यांना ती वापरली, की एका कार्यामागे ६०० रुपये पडले. धुणं, ठेवणं, फाटतूट यांचा खर्च वर घातला तरी ती स्वस्तच राहते.

पण नुसत्या स्वस्ताईपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. मांडववाला लग्नाचं काम कधी ठरवतो? दोन-दोन, तीन-तीन महिने आधी. वधूपित्याला तो एकच आकडा सांगतो आणि विसार घेतो. आणि झेंडूचा भाव कळतो कधी? मुहूर्ताच्या आदल्या दिवशी पहाटे, मार्केट यार्डात. त्या दिवशी दाट मुहूर्त असला आणि भाव १५० वर गेला, तर २,४०० चे ९,००० रुपये होतात. ते त्याच्या खिशातून जातात. एका मांडववाल्यानं मला सरळच सांगितलं, "मला महाग फुलाची भीती नाही हो, भाव माहीत नसलेल्या फुलाची आहे." हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. कृत्रिम फुलाचा खरा जोर त्याच्या टिकण्यापेक्षाही त्याचा भाव आधी माहीत असण्यात आहे. ही अडचण आपण सोडवू शकतो. ती कशी, ते पुढे येईलच.

आता बंदीचं बघू, कारण सभेत तो प्रश्न हमखास निघतो. १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनं एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. सजावटीचं थर्माकोल त्या यादीत आलं, प्लास्टिकच्या फुलांचं नाव मात्र नव्हतं. पुढे फूल उत्पादकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळातही ही मागणी जोरानं मांडली गेली आणि फलोत्पादनमंत्र्यांनी बंदीच्या दिशेनं पावलं टाकण्याचं आश्वासन दिलं. मागणी रास्त आहे, ती जरूर लावून धरावी. पण बंदीच्या भरवशावर पुढच्या हंगामाची लागवड ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उद्या प्लास्टिकचं फूल अगदी हद्दपार झालं, तरी कापडाचं आणि कागदाचं फूल राहणारच. मांडववाल्याचा हिशेब तसाच राहील.

तेव्हा मांडवाची वाटणी कशी होते ते बघू. डोक्याच्या वर जे असतं, म्हणजे छत, उंच कमान, खांबांचे वरचे भाग, व्यासपीठाच्या मागचा पडदा, तिथे कृत्रिम फुलाची सोय जास्त. तिथे हात पोचत नाही, वास कळत नाही, दिव्यांची धग लागते आणि काम दोन दिवस आधी उरकून ठेवावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात उघड्या मैदानावरच्या मांडवात ताजं फूल सकाळी लावलं तर संध्याकाळच्या मुहूर्तापर्यंत मान टाकतं. अशा जागा आपल्या हातून गेल्या असं धरून चाला. कडू वाटेल, पण छताच्या माळेसाठी पाच-दहा रुपयांनी भाव पाडून कृत्रिम फुलाशी झुंजण्यात शेतकऱ्याचंच नुकसान आहे.

मात्र हाताच्या अंतरावर जे येतं तिथलं गणित बदलतं. हार, गजरे, वेण्या, मुंडावळ्या, देवघर आणि पूजेचं ताट, प्रवेशद्वाराशी स्वागताची परात, जेवणाच्या मेजावरचा गुच्छ, नवरा-नवरीच्या खुर्च्यांभोवतीची आरास. इथे पाहुणा जवळ येतो, फोटो जवळून निघतात, वास दरवळावा लागतो. देवाला प्लास्टिकचं फूल वाहणारा माणूस अजून तरी मला भेटलेला नाही. या जागी ताजं फूलच लागतं, आणि ते चांगलंच लागतं. यातली खुबी अशी, की शेजारी एकसारखं, न सुकणारं कापडी फूल असल्यामुळे आपलं फूल जरा जरी मळकं, चेपलेलं, काळपट कडेचं असलं तरी लगेच उघडं पडतं. पूर्वी हजार फुलांत दहा वाईट खपून जायची. आता ताजी फुलंच थोडी लागतात, त्यामुळे प्रत्येक फुलावर नजर पडते. माल कमी, पण निवडक, असा हा बाजार झाला आहे.

मग लावायचं काय? झेंडू सोडा असं मी म्हणत नाही. दसरा, दिवाळी, गणपती, मार्गशीर्षातले गुरुवार, मंदिरं यांचा झेंडू कुठे जात नाही. पण ज्याच्याकडे दोन एकर झेंडू आहे त्यानं चार-सहा गुंठे तरी दांड्याच्या फुलांना द्यावेत. निशिगंध, म्हणजे बाजारातली गुलछडी, यात सिंगल आणि डबल असे दोन प्रकार येतात. सुट्या फुलांना, हार-गजऱ्यांना सिंगल प्रकार. त्याला वास जास्त. 'शृंगार', 'प्रज्वल' हे बंगळूरच्या संस्थेचे आणि 'फुले रजनी' हा राहुरी विद्यापीठाचा, असे वाण आहेत. काडीसाठी डबल प्रकार, त्यात 'सुवासिनी' आहे. निशिगंधाचा वास कापडात भरता येत नाही, म्हणून कृत्रिम फुलाच्या जमान्यात हे पीक मला फार भरवशाचं वाटतं. एकदा कंद लावले की दोन-तीन वर्षं फूल देतं. पाणी साचणारी जमीन मात्र त्याला देऊ नका.

ॲस्टरही असंच उपयोगी आहे. राहुरी विद्यापीठाचे 'फुले गणेश व्हाइट', 'फुले गणेश पिंक', 'फुले गणेश व्हायोलेट' आणि 'फुले गणेश पर्पल' हे वाण आपल्याकडे रुळलेले आहेत. पांढरा आणि जांभळा रंग मांडववाल्याला नेहमी लागतो. ग्लॅडिओलस व्यासपीठाजवळच्या उंच रचनेला लागतो. जरबेरा, डच गुलाब, कार्नेशन ही हरितगृहाची पिकं आहेत. त्यात भांडवल मोठं गुंततं आणि जागेचं बंधन येतं. तळेगाव दाभाडे, मावळ या भागात हरितगृहातला गुलाब मोठ्या प्रमाणावर होतो, पण तिकडे जमलं म्हणून आपल्याकडे कर्ज काढून लगेच उभं करावं असं नाही. आधी उघड्या शेतातली दांड्याची फुलं दोन हंगाम करून बघा, विक्री बसवा, मग विचार करा.

आता ज्याकडे शेतकऱ्यांचं सहसा लक्षच जात नाही असा भाग सांगतो. तो म्हणजे पाला. मांडवात सगळ्यात जास्त कृत्रिम काय असेल तर हिरवा पाला. प्लास्टिकच्या पानांच्या चटया, वेली, गवताच्या भिंती. फुलापेक्षा पाला जास्त लागतो, कारण आधी पाल्यानं अंग भरून घेतात आणि मग त्यात फुलं खोचतात. जवळून बघायच्या रचनेत प्लास्टिकचं पान लगेच ओळखू येतं, चकाकतं, धूळ धरतं. तिथे ताज्या पाल्याला मागणी आहे आणि पाला पिकवणारे थोडे आहेत. बांधावर, विहिरीच्या कडेला, चिकू-नारळाच्या सावलीत अरेका पाम, ड्रेसिना, ॲस्परॅगस लावता येतात. कामिनीचं कुंपण केलं तर कुंपणही होतं आणि छाटणीचा पालाही विकता येतो. गोल्डन रॉडला बारीक पिवळी फुलं येतात, ती रचनेतली पोकळी भरायला लागतात, आणि या पिकाचे लाड फार करावे लागत नाहीत. आंब्याचे टहाळे आणि अशोकाची पानं तर पुष्कळांच्या बांधावर आजही आहेत. फक्त ती धुऊन, सारख्या लांबीची कापून, जुड्या बांधून कोणी देत नाही. दिली तर घेणारे आहेत. पाल्याची आणखी एक गोष्ट मला आवडते. फुलासारखा तो एका दिवसात उतरून जात नाही. आज भाव नाही मिळाला तर चार दिवसांनी कापता येतो.

लागवडीची वेळ मुहूर्तावरून उलट मोजून ठरवायची. नव्या वर्षाची दिनदर्शिका दिवाळीच्या सुमारास बाजारात येते. ती आणा आणि लग्नाच्या तारखांना लाल खूण करा. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो, मध्ये पौषात ओसरतो, माघ-फाल्गुनात पुन्हा येतो आणि वैशाखात सर्वांत दाट असतो. चातुर्मासात लग्नं नसतात, पण तेव्हा सणवार असतात. समजा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दाट मुहूर्त आहेत. झेंडूचं रोप शेतात लावल्यापासून फूल हाती यायला दोन ते अडीच महिने लागतात. थंडीत वाढ मंदावते, म्हणून आठ-दहा दिवस जास्त धरा. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागण व्हायला हवी, आणि रोपाला पंचवीस-तीस दिवस, म्हणून बी ऑक्टोबरच्या मध्याला टाकायला हवं. शेंडा खुडलात तर फुलं वाढतात, पण बहर दहा-पंधरा दिवस पुढे जातो. तेही मोजणीत घ्या. ग्लॅडिओलसचे कंद एकदम न लावता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा लावा. वाणाप्रमाणे अडीच ते तीन महिन्यांत दांडा येतो, आणि असे टप्पे केले की दर पंधरवड्याला थोडा-थोडा माल निघत राहतो. मे महिन्याच्या उन्हात झेंडू बारीक होतो, त्या दिवसांसाठी मोठ्या फुलाचा शब्द कोणाला देऊ नका.

खताचं एकच सांगतो. नत्र जास्त झालं की झाड हिरवंगार दिसतं, पण फूल मऊ पडतं आणि वाहतुकीत टिकत नाही. पालाश कमी पडू देऊ नका. बाकी माती तपासून.

आता काढणी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मांडववाल्याशी संबंध जुळतो किंवा तुटतो तो इथेच. काढणी पहाटे करा, किंवा ऊन उतरल्यावर संध्याकाळी. दुपारी तोडलेलं फूल अंगात उष्णता घेऊन येतं आणि पोत्यात एकमेकांना उकडतं. झेंडूला तोडणीच्या आदल्या दिवशी पाणी द्या, फूल ताठ राहतं. पण तोडलेल्या फुलावर वजन वाढावं म्हणून पाणी मारू नका. ओल्या फुलाच्या ढिगात पोटातलं फूल काळं पडतं, आणि ज्याला एकदा असा माल मिळाला तो दुसऱ्यांदा आपल्या दारात येत नाही. झेंडू पोत्यात दाबून भरण्यापेक्षा कॅरेटमध्ये भरा. आणि वर टपोरी, खाली बारीक अशी भरणी करू नका. मार्केट यार्डातल्या दलालाला ती चालून जात असेल, थेट घेणाऱ्याला नाही चालत.

दांड्याच्या फुलांना प्रत्येकाची वेगळी वेळ असते. ग्लॅडिओलस खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की कापायचा, पूर्ण फुलल्यावर नाही. कापताना झाडावर चार-पाच पानं ठेवा, म्हणजे खालचा कंद पोसतो आणि पुढच्या वर्षी कामाला येतो. कापलेले दांडे उभेच ठेवा. आडवे ठेवले तर शेंडे वर वळतात आणि दांडा वाकडा होतो, मग तो कोणत्याही रचनेत बसत नाही. निशिगंधाची काडी खालची एक-दोन फुलं उमलली की कापा. सुटी फुलं मात्र पहाटे, पूर्ण वाढलेल्या कळीच्या अवस्थेत वेचा. जरबेरा कापत नाहीत, दांडा बुडाशी धरून हलकेच मोडून उपटतात. नंतर बुडाचा टणक भाग दोन-तीन सेंटिमीटर छाटून मगच पाण्यात ठेवतात, कारण त्या टणक भागातून पाणी वर चढत नाही. गुलाब कळी घट्ट असताना, बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सुटायला लागली की कापा.

कापल्याबरोबर दांडे बादलीतल्या पाण्यात उभे करा. बादली स्वच्छ घासलेली पाहिजे. बंधूंनो, मी अनेक ठिकाणी पाहतो, खताची किंवा औषधाची बादलीच फुलांसाठी वापरतात. घाण पाण्यातले जंतू दांड्याच्या नळ्या बंद करतात आणि फूल पाण्यात उभं असूनही तहानलेलं राहतं. दांड्याचा तळ धारदार चाकूनं तिरपा कापा. निशिगंध आणि ग्लॅडिओलसच्या दांड्यांसाठी दहा लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साखर आणि दोन-तीन ग्रॅम लिंबूसत्त्व घातलं तर वरच्या कळ्या उमलायला मदत होते. जरबेराला साखरेची गरज नाही, त्याला निर्मळ पाणी पुरे. फुलं सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर ठेवा. आणि ज्या खोलीत केळी किंवा आंबे पिकत घातले आहेत तिथे फुलं कधीही ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो त्यानं कार्नेशनसारखी फुलं रात्रीत मिटतात, बाकीचीही लवकर उतरतात. धुराचंही तसंच, चुलीशेजारी फुलं नकोत.

प्रतवारी करून गड्ड्या बांधा. दांड्याची लांबी सारखी, उमलण्याची अवस्था सारखी, रंग सारखा. जरबेरा दहा नगांची गड्डी, डच गुलाब वीस नगांची, हा बाजारातला शिरस्ता आहे, तोच ठेवा. कमी भरलेली गड्डी मांडवात उघडली जाते तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि तेव्हा दुसरीकडून फूल मिळत नाही. त्या वेळी मांडववाला मनात काय म्हणतो ते मी इथे सांगत नाही.

मघाशी म्हटलं होतं, की भाव आधी माहीत नसणं ही मांडववाल्याची अडचण आपण सोडवू शकतो. त्याचा मार्ग म्हणजे आधी ठरवलेला भाव. हंगामाच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावातल्या चार-पाच मांडववाल्यांकडे स्वतः जा. सोबत आपल्या फुलाच्या दोन गड्ड्या घेऊन जा, नुसतं बोलायला जाऊ नका. त्यांना विचारा, तुमच्याकडे कोणत्या तारखा बांधलेल्या आहेत, हाताच्या अंतरावरच्या कामाला कोणती फुलं लागतील, किती लागतील. त्या तारखांना इतक्या गड्ड्या, या प्रतीच्या, या भावानं, असं कागदावर लिहून घ्या आणि दोघांनी सही करा. भाव कसा धरायचा? गेल्या दोन-तीन हंगामांतल्या आपल्या पट्ट्या काढा, मुहूर्ताचे आणि पडेल दिवसांचे भाव एकत्र करून सरासरी काढा, आणि ती आपल्या खर्चाला पुरते का ते बघा. पुरत असेल तर त्याच्या आसपास ठरवा. थोडा विसार मागायला संकोच करू नका, तोही गिऱ्हाइकाकडून घेतोच.

यात एक कसोटीचा दिवस येतो, तो आधीच सांगून ठेवतो. तुम्ही भाव ठरवला ८० आणि त्या दिवशी यार्डात भाव झाला २००. त्या पहाटे मन डळमळतं. गाडी यार्डाकडे वळवली तर त्या दिवशी चार पैसे जास्त मिळतील, पण मांडववाला दुसऱ्याच दिवशी कापडी फुलांची ऑर्डर देईल आणि ते फूल त्याच्याकडे पाच वर्षं राहील. उलटही होतं. यार्डात भाव २० आणि तुम्हाला ठरलेले ८०. तेव्हा त्यानंही शब्द पाळायला हवा, म्हणून कागद आणि विसार. सगळा माल असा बांधून टाकू नका. माझ्या मते निम्मा ठरलेल्या भावानं आणि निम्मा बाजारात, ही वाटणी बरी. एकट्याला पुरवठा जमत नसेल तर पाच-सहा शेतकरी मिळून करा. एकाच्या शेतात करपा आला तर दुसऱ्याच्या शेतातून शब्द पुरा होतो.

आता गावातल्या तरुण मंडळींसाठी थोडं. काही जण शेतीबरोबर मांडवाचा, सजावटीचा धंदा करू लागले आहेत. चांगलं आहे, फूल आपलं आणि रचनाही आपली. कृत्रिम फूल अजिबात वापरू नका असं मी त्यांना सांगणार नाही. पण मिसळ करण्याची रीत असते. एकाच जातीचं खरं आणि खोटं फूल शेजारी लावू नका. कापडी झेंडूशेजारी खरा झेंडू ठेवला तर दोन्ही वाईट दिसतात, एक निर्जीव आणि दुसरा ओबडधोबड. उंचावरच्या चौकटीला आणि मागच्या भरणीला कृत्रिम पाला, आणि पुढे दिसणारं फूल ताजं, अशी वाटणी ठेवा. कृत्रिम रंग फिका घ्या, पांढरा, मळकट हिरवा, फिकट पिवळा. भडक कृत्रिम रंग शेजारच्या ताज्या फुलाला खाऊन टाकतो. हलकं कापडी फूल ओलं झालं की रंग सोडतं, म्हणून ताज्या फुलांवर पाणी शिंपडताना ते वाचवा, नाहीतर पांढऱ्या निशिगंधावर गुलाबी ओघळ येतात.

कामाचा क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी चौकट आणि कृत्रिम भाग पुरा करा. ताजी फुलं शेवटच्या पाच-सहा तासांत लावा, आणि त्यातही पाण्यात दांडा राहील अशा रचना आधी, सुटी फुलं आणि गजरे सगळ्यात शेवटी. हिरवा फोम वापरत असाल तर तो पाण्यावर नुसता ठेवा, आपोआप बुडू द्या. हातानं दाबून बुडवला की आत हवा राहते आणि तिथे खोचलेला दांडा कोरडा पडतो. हा फोमसुद्धा प्लास्टिकच्याच जातीचा आहे, मातीत मिसळत नाही. त्याच्याऐवजी पितळी घंगाळ, मडकी, परड्या, आत पाणी आणि तोंडाला जाळीची तार, ही आपली रीत निम्म्या रचनांना पुरते. जोरदार दिव्यांपासून ताजं फूल निदान हातभर लांब ठेवा. आणि कार्य ठरवतानाच यजमानाला स्पष्ट सांगा, कोणत्या जागी ताजं आणि कोणत्या जागी कृत्रिम फूल असेल. ताज्याचे पैसे घेऊन कापडी लावल्याची बोलवा एका लग्नात सगळ्या पंचक्रोशीत होते.

कार्य आटोपल्यावर उतरवण्याचं काम रात्री घाईत होतं आणि सगळं एकाच गाडीत भरलं जातं. इथे दोन माणसं वेगळी लावा. कृत्रिम माळा झटकून, वाळवून, पेटीत. दमट ठेवल्या तर बुरशीचे डाग पडतात. ताजी फुलं, पाला, हार हे वेगळ्या पोत्यात, त्यातून दोरा, तार, टाचण्या, जरीचे तुकडे आणि फोम काढून. निर्मल फूल आणि पाला शेणकाल्याबरोबर खड्ड्यात थर देऊन टाकला, ओल टिकवली आणि पंधरा-वीस दिवसांनी चाळवला, तर तीन-साडेतीन महिन्यांत चांगलं खत होतं. पण त्यात प्लास्टिकची पाकळी गेली तर ती खतातून शेतात आणि शेतातून वैरणीत जाते. जनावराच्या पोटात असं काही गेलं म्हणजे डॉक्टरला बोलवावं लागतं. म्हणून खड्ड्यावर टाकण्याआधी फुलं मोकळ्या ताडपत्रीवर पसरून एकदा हातानं निवडून घ्या. घरातली दोन माणसं तासाभरात एका कार्याचं निर्माल्य निवडतात.

वाणांचे कंद, बी आणि रोपं यांची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या विक्री केंद्रात करा. ती हंगामाच्या दोन महिने आधी केलीत तर हवा तो वाण मिळतो. लागवडीच्या तारखा मोजण्यात अडचण आली, तर दिनदर्शिका आणि मागच्या पट्ट्या घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात या, बसून हिशेब करू.